कापडावरचा आमचा धुरा

देऊळघाटच्या शाळेत ते प्रदर्शन आलं तेव्हा मी पन्नाशीची होते, पण अक्कल पाचवीतल्या पोरीएवढी. गावोगाव फिरणारं प्रदर्शन, विषय म्हणे ‘मधल्या जागा’. महिनाभर आधी त्यातली एक चित्रकार मुलगी गावात आली होती. “काकू, दोन शेतांमधली जागा दाखवता का?” तिनं विचारलं, आणि ही शहाणी ठेवणीतली साडी नेसून तिला थेट आमच्या धुऱ्यावर घेऊन गेली. अलीकडे आमची वाटणी, पलीकडे मोठ्या जाऊबाईंची, मधे हा मातीचा बांध. तिनं भराभर फोटो काढले. वाटलं, माझा फोटो लागेल!

माझा कुठला? शाळेच्या पटांगणात धुराच अंथरला होता. फोटो काढून कापडावर छापलेला, लांबी-रुंदी जशीच्या तशी. लोक चपला काढून त्यावरून चालत होते. रस्त्याकडच्या टोकाला दोन माणसं जोडीनं जातील एवढा रुंद, आणि पार तिकडच्या टोकाला एक पाऊल मावेना.

दर उन्हाळ्यात वखरणाऱ्याला “जरा धुऱ्याला लागून घे” म्हणत बांध कुरतडणारी मीच. चार वर्षं चोरी करून कमावलं काय, तर तुरीची दोन तासं, दोन ओळी! जाऊबाईंचे गुडघे दुखायचे, तिकडच्या टोकाला त्या जायच्या नाहीत, हाच माझा भरवसा.

आज जाऊबाई कापडावरून चालत त्याच टोकाकडे निघाल्या होत्या.

“बाई, ऊन लागून राह्यलं, घरी चला.”

“थांब व. आपलाच धुरा हाय, पाहू दे मले.”

एकेक पाऊल. सरकारी मोजणी आली तर गावभर नाचक्की, आणि जाऊबाईंबरोबरच्या सामायिक विहिरीवरचा आमचा पंप बंद. अरुंद जागी त्या थांबल्या.

“तुह्याकडूनच असा खाल्लेला काऊन दिसते?”

“बैलानं... खाल्ला असन.”

“हाव. बैल साडी नेसून आला वाटते.”

लोक हसले. मग त्या कानाशी आल्या. “पेरणीच्या आत माती जागेवर पाह्यजे. नाही तर मोजणी बोलावीन.”

घरी सांगायची छाती नव्हती. चार दिवस एकटीनं घमेल्यानं माती वाहिली. जाऊबाई गुडघे धरत रोज तिथवर यायच्या नि म्हणायच्या, “अजून एक टाक.”

ते कापड मात्र दुसऱ्याच दिवशी गुंडाळून साखरखेर्ड्याला गेलं. माझं माहेर तिथलं. भावजया त्यावरून चालल्या का, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.