पुसायची राहिलेली ओळ

कुठलीही यादी हातात आली की मी नावं नंतर वाचतो, आधी ओळींची शेपटं बघतो. बायको म्हणते, हा माणूस लग्नपत्रिकासुद्धा उजवीकडून वाचतो. मी हसण्यावारी नेतो. पण खरं सांगायचं तर मला त्या शेपटांची भीती वाटते.

राज्यं नव्यानं आखली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि आमचं सौंसर-पांढुर्णा इकडे, भोपाळच्या राज्यात राहिलं. जुन्या प्रांतातल्या शिक्षकांची कागदपत्रं गठ्ठे बांधून भोपाळला आली, आणि त्यांची एकत्र ज्येष्ठता यादी वीसेक वर्षं नुसती रखडली. शेवटी ती छापायची ठरली तेव्हा मी तिथल्या एका सरकारी संगणक केंद्रात नवा लागलो होतो. सौंसरचा पोरगा, कोबॉल ही संगणकाची भाषा शिकलेला, त्यामुळे नाक जरा वरच. ते काम माझ्या गळ्यात पडलं. नाव, वडिलांचं नाव, गाव आणि शेरा, असे चार तुकडे जोडून प्रत्येकाची एक ओळ छापायची. शेरा बहुतेकांचा कोराच असे. माणूस वारलेला असला तर तेवढं ‘एक्स्पायर्ड’ यायचं.

तुकडे जोडायला कोबॉलमध्ये ‘स्ट्रिंग’ नावाची आज्ञा आहे. ती एकामागे एक तुकडे ठेवत जाते, पण ज्या जागेवर ठेवायचे ती जागा आधी पुसत नाही. पाटीवरच्या लांब वाक्यावर आखूड वाक्य गिरवलं तर जुन्याचं शेपूट मागे उरतं, तसंच होतं. म्हणून ओळ छापली की जागा कोरी करावी लागते. मी करत होतो. फक्त पान बदललं की माझा प्रोग्राम मथळा छापायला वेगळ्या वाटेनं जायचा, आणि त्या वाटेवर पुसायची आज्ञा लिहायची राहिली होती. चाचणीची यादी एकाच पानाची होती. सगळं नीट आलं, आणि मी सगळ्या केंद्राला चहा पाजला.

खऱ्या यादीत एका पानाच्या तळाशी मोहगावचे एक वारलेले शिक्षक आले. पुढच्या पानावर पहिलंच नाव माझ्या गुरुजींचं. आखूड नाव, आखूड गाव. आधीच्याचा ‘एक्स्पायर्ड’ शेरा त्यांच्या ओळीला अगदी मापानं बसला. बाकीच्या पानांवर पहिल्या ओळीमागे दोनचार फुटकळ अक्षरं उरली होती. लोकांना वाटलं, छपाईचे डाग असतील.

गुरुजींनी मला सौंसरला गणित शिकवलं होतं. राज्य बदललं तेव्हा त्यांना तिकडे जाता आलं असतं. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं माहेर पांढुर्ण्याचं, म्हणून ते इकडेच राहिले, आणि काही वर्षांनी सरकारनं त्यांना राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत टाकलं. पुढे काकूंना अर्धांगवायू झाला. पांढुर्ण्याला शेजारीण त्यांना भरवायची. गुरुजींच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती आणि पांढुर्ण्याच्या शाळेत जागा रिकामी झाली होती. ती याच यादीवरून भरायची होती. ही दोन वर्षं तिच्या खाटेजवळ काढायची, एवढंच त्यांना हवं होतं.

मी सुटीवर आलो तेव्हा गुरुजीही पांढुर्ण्याला घरी आले होते; मी भेटायला गेलो. त्यांनी यादी माझ्यापुढे धरली. “पाह्य बाबू, मले मारून टाकलं तुमच्या मशीननं.”

 खाटेवरून काकूच म्हणाल्या, “चांगलंच झालं. मागच्या महिन्यात यायच्या डोक्याले कावळा शिवला. मरणाची खोटी बातमी धाडा लागते न कोणाले तरी, तवा खरं मरण टळते. मी म्हणून राहिली होती पत्र लिहा, तर हे आयकेच नाही. आता सरकारनंच धाडली. सव्वा महिना त्या ओळीले हात लावू नका.”

हरकतीची मुदत एक महिन्याची होती. ते यादीच्या माथ्यावरच छापलेलं होतं. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. “दहाक दिवस उशीर होईन. चालते काय रे? तिचं मन राहाते.”

“मी आहे न तिथं, गुरुजी,” मी म्हणालो. वर काकूंना हसून सांगितलं, “आयुष्य वाढलं गुरुजींचं.”

भोपाळला परतल्यावर अर्ध्या दिवसात चूक सापडली. मी प्रोग्राममध्ये पुसायची ती एक ओळ लिहिली आणि गप्प बसलो. यादी पुन्हा छापायची तर साहेबांपुढे जाऊन चूक कबूल करावी लागली असती, आणि माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. हरकत येऊ दे, मग बघू, असं मी मनाशी घोकत राहिलो. हरकत चाळिसाव्या दिवशी आली. तिथल्या कारकुनानं तिच्यावर मुदत संपल्याचा शिक्का मारला. तेव्हाही बोलता आलं असतं. मी भित्रा होतो, दुसरं काही नाही. पांढुर्ण्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला गेली.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. गुरुजी दुसऱ्या दिवशी पोचले.

तेरवीला मी त्यांना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. चूक माझी होती आणि ती मला तेव्हाच सापडली होती, हेही सांगितलं. ते रागावतील म्हणून मी उभा होतो. रागावले असते तर बरं झालं असतं.

“ती ओळ लिहाले किती वेळ लागला?” त्यांनी विचारलं.

“दोन मिनिटं.”

गुरुजी म्हणाले, “ती शेजारणीच्या हातानं दर पत्रात एकच पुसे, भोपाळचं आपलं पोरगं काही करून राहिलं का म्हणून. मी लिहून पाठवो, करून राहिलं.”

मग त्यांनी माझा दंड धरला, मला पंगतीत आपल्या शेजारी बसवलं आणि वाढणाऱ्याला सांगितलं, “याले वाढ, भोपाळहून आला.” मी जेवलो. पोटभर जेवलो, याची अजून लाज वाटते.