तत्त्वज्ञाची बायको

विषाचा प्याला प्यायलेल्या त्या ग्रीक तत्त्वज्ञाच्या बायकोचं नाव मी इथे लिहिणार नाही. लग्नानंतर उभा जन्म ते मला चिकटवलं गेलं. हे नागपुरात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे, आणि संध्याकाळी आमच्या गच्चीवर विद्यार्थ्यांची बैठक बसायची. तिसऱ्यांदा चहा सांगितला की मी कुरकुरायची, मग हे मला त्या नावाने हाक मारायचे. सगळे हसायचे. इंग्रजीत कजाग बाईला ते नाव लावतात, हे मला फार उशिरा कळलं.

तेव्हा मी ह्यांच्या कपाटातलं पुस्तक काढून वाचलं. शेवटच्या दिवशी ती लेकराला घेऊन नवऱ्याजवळ तुरुंगात बसली होती. मित्र आत येताच रडू लागली, म्हणून तिला घरी पाठवलं आणि मंडळी निवांत आत्म्याविषयी बोलत बसली. तिच्या कजागपणाची कीर्ती पसरवली तीही असल्याच बैठकवाल्यांनी. त्यांच्या पोटापाण्याचं कोण बघत होतं, ते कुणी लिहिलं नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ह्यांना दवाखान्यात ठेवलं. खोलीत विद्यार्थ्यांची ही गर्दी. "दम लागतोय त्यांना, बोलायला लावू नका!" मी ओरडलेच. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरीला असलेला ह्यांचा लाडका विद्यार्थी मला म्हणाला, "काकू, तुम्ही बाहेर बसा ना थोडं. सर बोलून राहिले." मी बाहेर बसले. आतून हसण्याचे आवाज येत होते. मग ते एकदम थांबले. मला आत घेतलं तेव्हा सगळं संपलं होतं.

शेवटी ह्यांनी माझी आठवण काढली का, एवढंच मला कळायला हवं होतं. पण विचारायला जीभ रेटेना. आता घरी कुणी फिरकत नाही. गच्चीवर मी एकटीच चहा पिते, रागवायलाही माणूस नाही. फार एकटं वाटतं.

पहिल्या स्मृतिदिनाला कॉलेजात सभा झाली. मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. तोच विद्यार्थी बोलायला उठला.

"सर शेवटपर्यंत मिस्कील होते," तो म्हणाला. "वाद रंगात आला होता, अन् सर मधेच म्हणतात, बोलाव गा तिले आत. आम्ही म्हटलं, काहून सर, रागवायले? थांबा, एवढा मुद्दा होऊ द्या."

सभागृह खळखळून हसलं. मी दाराशीच बसले होते हो. नुसतं दार लोटलं असतं तरी उठून आले असते.