नवीन विंडोज आलं, हळदीची यादी गेली

दुपारपासून ही पोस्ट टाळत होतो, कारण ताई वाचणार. पण आता घरात सगळ्यांना कळलंच आहे, तर ऐका.

माझा लॅपटॉप आठ वर्षांचा. नवीन विंडोज याच्यावर चालणार नाही, असं तो स्वतःच स्क्रीनवर सांगतो. कॅम्प एक भागात राहणारा माझा मित्र विकी म्हणाला, "अरे चलता है, जुगाड आहे," आणि पेनड्राइव्ह दिला.

सेटअप लावला आणि मध्येच चिखलोलीच्या नवीन स्टेशनचं काम बघायला गेलो. का, विचारू नका. परत आलो तर लॅपटॉप विचारतोय, कुठे इन्स्टॉल करू? मी वैतागून सगळे ड्राइव्ह डिलीट केले.

त्यातच ताईच्या हळदीच्या आमंत्रणाची यादी होती. आईने चार संध्याकाळी बसून सांगितलेली, गावातलं एकेक घर, मानाप्रमाणे. हळद रविवारी आहे.

आई म्हणाली, "एक घर राहिलं ना, तर लोकांना तोंड मी दाखवू की तुझा लॅपटॉप?"

विकीला फोन केला. म्हणे, "बॅकअप लिया था ना?" हे आधी का विचारत नाहीत लोक?

डिलीट झालेली फाइल परत मिळते का? माहीत असेल त्याने सांगा, प्लीज.

थांबा. दारात माझे चुलते भाऊकाका आलेत. जमिनीच्या भांडणानंतर सात वर्षांत पहिल्यांदाच. यादी गेल्याचं गावात कळलंय. आईला म्हणतायत, "वहिनी, पोराला लिहायला बसव, घरं मी सांगतो."

गेलेल्या यादीत त्यांचं घर नव्हतं. आई चहा टाकायला गेलीय.