पूजेतला पाना

बाबली गावस गाडीत बसला की चावी फिरवण्याआधी तीनदा ब्रेक दाबून बघतो. गाडी दारात उभी असो, नुसती उन्हातून सावलीत घ्यायची असो, तीनदा म्हणजे तीनदा. मी त्याचा शेजारी, पोस्टातून निवृत्त झालेला माणूस. बसून खाणाऱ्याला दुसऱ्याची खोडी काढायला वेळ भरपूर. मी त्याला म्हणायचो, "बाबली, तुझ्या तिरडीचेही ब्रेक तपासून मगच तू आडवा होणार." तो हसायचा नाही. म्हणायचा, "देवाचो भरवसो हा परेशबाब, पेडलाचो नाय."

त्याला तसं कारण होतं. दोडामार्गाकडच्या गावातून तो विशीत इकडे डिचोलीत आला, खाणीवरच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून. खनिज भरायचं, आमोण्याकडे नदीकाठी नेऊन ओतायचं, पुन्हा वर यायचं. एका दुपारी भरलेला ट्रक उतारावर असताना पेडल तळाला गेलं आणि ट्रक काही थांबेना. समोर एक सायकलवाला. बाबलीने जीव खाऊन स्टिअरिंग फिरवलं आणि ट्रक कडेच्या मातीच्या ढिगात घातला. सायकलवाला गटारात उडी मारून वाचला, उठून शिव्या घालत निघूनही गेला. बाबली मात्र तासभर स्टिअरिंग धरून बसून होता, त्याची बोटं दोघांनी मिळून सोडवली. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, बाबलीने घरामागे पत्र्याची शेड घालून गाड्या दुरुस्त करायला घेतल्या. पण त्या दुपारची भीती त्याच्या अंगातून गेली नाही ती नाहीच.

खरं सांगायचं तर त्या भीतीवरच त्याचं नाव झालं. ब्रेकचं काम असलं की साखळी गावाहूनसुद्धा लोक त्याच्याकडे यायचे. चाकाचा नट आवळताना तो पान्यावर दोन्ही पायांनी उभा राहायचा, आणि आवळून झाला की नटावर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. ही खाणीवरची सवय. ठिपका नसलेला नट म्हणजे न आवळलेला नट, एवढं साधं त्याचं शास्त्र.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीला, सिद्धीला, म्हापशाला नोकरी लागली आणि तिने ओळखीतून एक जुनी पांढरी मारुती घेतली. वीसएक वर्षांची. बाबली ती गाडी डिचोलीच्या बाजारापर्यंत नेऊन आला आणि माझ्या ओट्यावर येऊन बसला. तोंड सुकलेलं.

"हो ब्रेक नाय परेशबाब, नवस हा," तो म्हणाला. "लागलो तर लागलो."

मुलगी रोज या गाडीतून जाणार, या विचाराने त्याला झोप येईना. शेवटी त्याने ठरवलं की पुढचं सगळं बदलायचं. नंतरच्या मॉडेलचे मोठे हब, ज्यांवर चाक बसतं ते, नवी बेअरिंग, ब्रेकच्या मोठ्या डिस्क. मोठी डिस्क जुन्या लहान चाकात मावत नाही, म्हणून चारही चाकं मोठी. म्हापशाच्या भंगारवाल्यांकडे हेलपाटे घालून त्याने सामान जमवलं आणि घटस्थापनेच्या दिवशी गाडी जॅकवर चढवली. नवरात्रभर तो त्या गाडीखालीच होता. बेअरिंग बसवलं की हब हाताने फिरवायचा आणि कान लावून ऐकायचा, डॉक्टर छाती तपासतो तसा.

खंडेनवमीच्या सकाळी तीन चाकं पूर्ण झाली होती. पुढचं डावं राहिलं होतं. ते चढवून त्याने चारही नट हाताने फिरवून बसवले. चाक जॅकवर असताना नट नुसते हातानेच बसवायचे असतात, गाडी जमिनीवर उतरवली की मग पान्याने आवळायचे. त्याने जॅक उतरवला, पाना उचलला, आणि घरातून त्याच्या बायकोची, देवकीवहिनींची, हाक आली.

"अवो, हत्यारां धुवन देवा आधी! देवीक किती वेळ ताटकळत ठेवशात? जॅकपण हाडा."

खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि दसरा सरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हा आमच्याकडे नेम. सुताराची करवत, शेतकऱ्याचा कोयता, बाबलीचे पाने, सगळी त्या दिवशी देव. बाबलीने जॅक दिला, पाना दिला, साबणाने हात धुतले. गाडीचीही पूजा व्हायची होती, ती नीटनेटकी दिसावी म्हणून सिद्धीने चारही चाकांवर चकचकीत कप ठोकून बसवले. नट झाकले गेले.

दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. पेडण्याहून सिद्धीची कमलाक्षीमावशी जेवायला यायची होती, म्हापशाच्या स्टँडवर उतरणार होती. सिद्धी एकटीच तिला आणायला निघाली. बाबलीने स्वतः तीनदा ब्रेक दाबून पाहिले, तिला शाबासकी दिल्यासारखं गाडीच्या टपावर थोपटलं. लिंबं फुटली, गाडी गेली.

मी पंधरा मिनिटांनी आपट्याची पानं घेऊन पोचलो. बाबली देवासमोर बसला होता. पाटावर पाने, हातोडे, जॅक, सगळ्यांवर सकाळी पुन्हा लावलेली ओली हळद, झेंडू. इतका समाधानी मी त्याला कधीच पाहिला नव्हता, म्हणूनच जीभ वळवळली.

"काय बाबली, सोळा नटांना सोळा टिळे लागले ना?"

तो हसला. हसता हसता त्याची बोटं हलायला लागली. अंगठा एकेका पेरावरून फिरला आणि थांबला. पुन्हा पहिल्यापासून फिरला.

"बारा," तो म्हणाला.

"काय बारा?"

"ठिपके बारा घातलंय. परेशबाब, चवथ्या चाकाचे ऱ्हवले."

मला गाडीतलं काही कळत नाही, पण चाक नुसतं हाताने फिरवलेल्या नटांवर आहे आणि पोर ते घेऊन हमरस्त्याला लागली आहे, एवढं कोणालाही कळतं. देवकीवहिनींनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. सिद्धी गाडी चालवताना फोन उचलत नाही, कारण बापानेच तिला बजावलं होतं की फोन उचललास तर चावी काढून घेईन.

बाबली पाटासमोर उभा होता. पाना समोर होता, हळदीत माखलेला, आणि त्याचा हात पुढे होत नव्हता. तीस वर्षांत त्याने दसरा सरायच्या आत हत्यार उचललं नव्हतं. देवकीवहिनींनी झेंडू बाजूला सारला आणि पाना त्याच्या हातात कोंबला.

"जावा. देवीक काय सांगूचा ता मी सांगतंय."

माझी स्कूटर. चाळीस वर्षं मी टपालाच्या थैलीसह ज्या वेगाने फिरलो त्याच वेगाने आजही फिरतो, लोक मला चालत मागे टाकतात. त्या दिवशी मी वेगाचा काटा बघितलाच नाही. मागे बाबली, एका हातात पाना, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरलेला. खांद्यावर त्याच्या बोटांचे वळ दोन दिवस होते. प्रत्येक वळणाला तो घाई करायचा, "बेगीन परेशबाब, बेगीन," आणि लगेच, "सावकाश, बाजूक बघा." तो रस्त्याच्या कडा बघत होता, गटारं बघत होता. तो काय शोधतो आहे हे मला कळत होतं, आणि ते सापडू नये म्हणून मी मनातल्या मनात देवीला आळवत होतो. दसऱ्याचा दिवस, रस्त्यावर हार घातलेल्या गाड्याच गाड्या. प्रत्येक पांढरी गाडी दिसली की बाबली मागून मान लांब करून नंबर वाचायचा.

अस्नोड्याच्या अलीकडच्या उतारावर कडेला काहीतरी चकाकलं. बाबलीने माझा खांदा एवढ्या जोरात ओढला की स्कूटर आडवी होता होता वाचली. तो चाकाचा कप होता. बाबलीने तो उचलला, छातीशी धरला आणि पुन्हा मागे बसला. आता तो बेगीनही म्हणेना. त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, आणि म्हातारपणी मला मोठ्याने रडावंसं वाटत होतं. उतार तसाच खाली जातो, खाली नदीवरचा पूल आहे.

गाडी पुलाच्या अलीकडे, कडेला उभी होती. सरळ. चार चाकांवर. सिद्धी बाहेर, डाव्या चाकापाशी उकिडवी बसलेली. चारांतले दोन नट पडून गेले होते, उरलेले दोन शेवटच्या आट्यांवर लोंबत होते. आणखी शंभर पावलं गेली असती तर चाक पुलावर निघालं असतं.

"टकटक आवाज इलो, स्टिअरिंग थरथराक लागला," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "लगेच ब्रेक मारलंय. थंयच्या थंय थांबली, बाबा. आवाज इलो की आधी थांब, मगे इचार कर, तुमीच सांगललात ना?"

बाबली चाकासमोर बसला, पाना नटाला लावायला गेला आणि पाना नटावरून घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. ज्या हातांवर अख्खा तालुका भरवसा ठेवतो त्यांना एक नट धरता येईना. सिद्धीने पाना त्याच्या हातातून हळूच काढून घेतला. मागच्या दोन चाकांचे कप काढून त्यांचा एकेक नट तिने पुढच्या चाकाला लावला आणि पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहिली, थेट बापासारखी. आणि मग पान्यावरची ओली हळद बोटाला घेऊन तिने चारही नटांवर एकेक ठिपका दिला.

बाबलीने ते ठिपके मोजले. मग पुढच्या उजव्या चाकाचाही कप काढून, गाडीभोवती फिरून बाकीचे मोजले. मग पुन्हा पहिल्या चाकापाशी आला.

"जल्मभर ब्रेकाक भियालंय," तो मला म्हणाला, "आणि माझ्याच हाताक भियाक इसारलंय."

म्हापशाच्या स्टँडवर कमलाक्षीमावशी तासभर खोळंबली आणि जेवण संपेपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत राहिली. कोणी तिला काही सांगितलं नाही. बाबलीने त्या दिवशी भाताला हात लावला नाही.

यंदा खंडेनवमीला मी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. पाटावर पाने होते, हातोडे होते. जॅक आणि चाकाचा पाना नव्हते. मी विचारणार एवढ्यात देवकीवहिनी हळदीकुंकवाची वाटी घेऊन अंगणात गेल्या. सिद्धीने गाडीची डिकी उघडली. वहिनींनी वाकून आतल्या जॅकला आणि पान्याला तिथल्या तिथेच हळद लावली, एक झेंडू ठेवला, आणि बाबलीने डिकी लावून घेतली.