तोंड बघून बट्टा

अन्याय झाला तो तुळजापूरच्या मोटारतळावरच्या बट्टेवाल्या चाचांवर, गेल्या मंगळवारी सकाळी, आणि तो मी केला.

निजामाचे हाली रुपये सोलापुरात चालत नाहीत, म्हणून लोक बट्टा, म्हणजे बदलीची कापणी, देऊन चाचांकडून इंग्रजी कलदार रुपये घेतात. चाचा प्रत्येक नाणं दगडावर वाजवतात, डोळे मिटून ऐकतात आणि विचारतात, “सोलापुरात काय काम?” मग कुणाला जास्त बट्टा, कुणाला कमी. मी पत्रक काढलं: हा माणूस तोंड बघून लुटतो!

पत्रक ऐकून एक म्हातारी चाचांना टाळून हालीच घेऊन सोलापूरला गेली. दवाखान्यानं ते घेतले नाहीत. ठणकता डोळा घेऊन ती परत आली.

चाचांनी तिला हाक मारली. “माय, दवाखान्याला जाणाऱ्याकडनं म्या कदी बट्टा घेतला न्हाय. इचारायचं तरी!” सरकारी भावात दमडीही न कापता त्यांनी तिला कलदार दिले. मग तिथंच पत्रकं वाटत उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. “लई झ्याक लिवता, साहेब. मला इचारायला मात्र सवड न्हाय घावली.”



ते पत्रक वाचून तुम्ही चाचांकडं पाठ फिरवली असेल, तर उद्याच जा, आणि माझं पत्रक त्यांच्यादेखत फाडा.