आधी मला तपासा

रविवार, २३ जून, सकाळी दहा. उल्हासनगर कॅम्प चार, बाईंची खोली. हजर: बाईंची भाची, खालच्या जीन्सच्या कारखान्याचे सिंधी शेठ, बाईंकडे नियमित येणारे सात जण आणि मी. विषय: शोकसभा. आजच्या कामांची यादी माझ्या वहीत.

बाई करिअर कोच होत्या. अंबरनाथच्या एका कारखान्यात वीस वर्षं नेमणुका-बढत्यांचं काम केलं, मग रीतसर प्रशिक्षण घेऊन ही खोली घेतली. नवा माणूस आला की पाणी विचारायच्या आधी त्या फाईल पुढे सरकवायच्या. "आधी मला तपासा." फाईलमध्ये प्रमाणपत्रं, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या ज्येष्ठ कोचचा नंबर आणि दोन जुन्या माणसांचे नंबर, अर्थात त्यांना विचारून दिलेले. एकाला उपयोग झालेला, दुसरा वैतागून अर्ध्यात सोडून गेलेला. "दुसऱ्याला आधी फोन करा. पहिला कौतुकच करणार."

बोर्ड लावायचा त्यांना कंटाळा. शेठ जिन्यात अडवायचे, "मॅडम, एक फ्लेक्स तो लगाओ! मैं बनवा देता हूँ." बाई न थांबता म्हणायच्या, "शेठ, फ्लेक्सवर वाढदिवस शोभतो. मी काय नगरसेवक आहे?"

माझा धाकटा भाऊ सुनील एका केमिकल कंपनीत शिफ्ट इन्चार्ज होता. दोनदा बढती हुकली आणि तो बोलेनासा झाला. मी दहा प्रश्नांची यादी घेऊन बाईंना तपासलं, दोन्ही नंबरांवर फोन केले आणि त्याला पाठवलं. शनिवारी चारची वेळ ठरली.

तिसऱ्या शनिवारी सुनीलला विचारून बाईंनी मलाही आत बोलावलं. "याला झोप नाही, भूक नाही, कशात जीव रमत नाही. हे माझ्या हातातलं काम नाही. आधी मानसोपचाराचे डॉक्टर. तोवर आपण थांबू."

"म्हणजे माझा भाऊ वेडा?"

"वैशालीताई, छातीत दुखतंय म्हणाला असता तर मी बढतीबद्दल बोलत बसले असते का?"

डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी मी पर्समध्ये टाकली आणि तिथंच राहू दिली. रिक्षात सुनीलनं विचारलं, "ताई, बाईंनी मला काढलं का गं?" मी रागात होते. म्हटलं, "तसंच दिसतंय."

पुढचा कोच मी आमच्याकडे दहावीचा क्लास निवडतात तसा निवडला. चिखलोलीपासून बदलापूरपर्यंत त्याचे फ्लेक्स होते, त्यावर यशस्वी माणसांचे फोटो, हॉल गच्च. दहा प्रश्नांपैकी एकही विचारला नाही. त्यानं माईकवर विचारलं, "नोकरीचा पिंजरा आज कोण तोडणार?" सुनीलनं हात वर केला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सुनीलनं राजीनामा दिला.

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला. "सुनीलचा फोन बंद लागतो. त्याला सांगा, मी सोडलेलं नाही. डॉक्टरांकडे जाऊन येऊ दे, मी आहे." हो म्हटलं. वहीत लिहून घेतलं. सांगितलं नाही, कारण सांगायचं तर रिक्षातलं खोटंही सांगावं लागलं असतं.

चार महिन्यांनी सुनीलनं जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. आता डॉक्टर आहेत, औषधं आहेत, नोकरी नाही. बायको मुलीला घेऊन माहेरी आहे. तो माझ्याकडे राहतो. बाईंनी नंतर एकदाच विचारलं, "निरोप दिलात ना?" मी पुन्हा हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि विषय बदलला.

गेल्या सोमवारी बाई हृदयविकारानं गेल्या. सभेत भाचीनं त्यांची डायरी उघडली. राहिलेल्या माणसांना दुसऱ्या कोचकडे सोपवायचं होतं. "हे सुनील कोण? दर शनिवारी चारला यांचं नाव आहे, दोन वर्षं. पुढे काहीच लिहिलेलं नाही. मावशी ही वेळ दुसऱ्या कोणाला द्यायची नाही."

"माझा भाऊ," मी म्हटलं.

"मग त्यांना का नाही आणलंत?"

सकाळी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "ज्यांनी मला काढलं त्यांच्याकडे कशाला? तू जाऊन ये."

दुपारी घरी आले. त्यानं माझ्यासाठी भात झाकून ठेवला होता. "कोण कोण होतं गं?"

मी सगळी नावं सांगितली. तो ऐकत होता. मग मी ताट वाढून घेतलं.

आजच्या यादीतली पाच कामं झाली. सहावं, सुनीलला सांगणं, राहिलं आहे.