पाण्याचे समान तास

शिरूरला आम्हा मध्यस्थांची उजळणी होती. कोर्टातले वाद बोलणी करून मिटवायचं पहिलं प्रशिक्षण मी नऊ वर्षांपूर्वी घेतलं. तेव्हापासून किती मिटले, किती परत गेले, याचा तक्ता माझ्या वहीत आहे. सरावासाठी मी ओळख पुसून माझंच एक मिटलेलं प्रकरण दिलं.

राहू गावाकडचे दीर-भावजय, विहीर सामाईक. भावजय विधवा. पाणी मी वाटून दिलं होतं: सोमवार ते बुधवार दिराला, गुरुवार ते शनिवार तिला, रविवार आळीपाळीने. शेतीपंपाला लाईट रोज आठ तास, म्हणजे दोघांचे तास सारखे. सह्या घेण्याआधी मी बेरीज दोनदा मोठ्याने वाचली होती.

सरावात भावजयीच्या जागी दौंडच्या एक वकीलबाई बसल्या. त्यांनी विचारलं, "साहेब, माझ्या पाळीला लाईट दिवसा का रात्री?"

मागून कुणीतरी म्हणालं, "रात्री असेल तर मग बिबट्यालाही नोटीस काढा!" सगळे हसले. मीही हसलो. उत्तर मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वीज कंपनीचं वेळापत्रक मिळवलं. तिकडे सोमवार ते बुधवार लाईट दिवसा असते, बाकीचे दिवस रात्री.

झालेली तडजोड दोघं राजी असतील तरच बदलते. वकिलांमार्फत दोघांना बोलावलं.

दीर म्हणाला, "तास सारखं हाईत न्हवं? तुम्हीच दोनदा मोजलं, साहेब."

मग तिच्याशी एकटीशी बोललो. पहिल्या वेळी हे मी टाळलं होतं. तासाभरात मिटतंय, मग कशाला, असं वाटलं होतं.

"ताई, तेव्हा का बोलला नाहीत?"

"दीर म्होरं बसल्यालं. त्यात तुम्ही आकडं असं फडाफडा वाचलं, मला वाटलं ठरलंच हाय."

"रात्री कोण जातं?"

"मीच. पोरगी बॅटरी धरती. मागल्या महिन्यात बांधावर बसला हुता त्यो. मोटार तशीच सोडून पळालो."

बाहेर येऊन दिराला म्हटलं, निदान एक दिवस अदलाबदल करा.

"ऊस तुटू द्या, मग बघू. तवर कागद हाय तसा ऱ्हाऊ द्या."

कागदावर माझीही सही आहे. वहीतही ते प्रकरण 'मिटले' याच रकान्यात आहे. खोडावं की नाही, ठरत नाही.

आज गुरुवार. तिकडे रात्री साडेनऊला लाईट येते.